जंतू मरतो, मग आपण का नाही?

जंतू मारणं मुळीच अवघड नाही. उकळत्या पाण्यात टाका, मेला. फिनेल ओता, मेला. ब्लीचिंग पावडर, स्पिरिट, आयोडिन, जंतू मारणाऱ्या वस्तूंनी घरातलं एक फडताळ सहज भरेल. पण घसा दुखतोय म्हणून कुणी फिनेलच्या गुळण्या करत नाही. का करत नाही, ते सांगायला नको. जंतूबरोबर आपलंही आटोपेल!

म्हणजे जंतूला मारणं हे कोडं नव्हेच. जंतू आपल्या घशात, फुप्फुसात, कधी रक्तात, आपल्याच पेशींना खेटून बसलेला असतो. तिथे जाऊन त्याला मारायचं आणि शेजारच्या आपल्या पेशीला ओरखडाही उठू द्यायचा नाही, हे खरं कोडं. गोळीला तर डोळे नाहीत. ती पोटात विरघळते, रक्तात मिसळते आणि अंगभर फिरते. दुखऱ्या घशात जाते, तशी न दुखणाऱ्या पायाच्या अंगठ्यातही जाते. मग तिला कळतं कसं, कुणाला मारायचं ते?

तिला काहीही कळत नाही. ती सगळ्यांना सारखीच भिडते. फक्त ती ज्यावर घाव घालते, ती वस्तू जीवाणूकडे असते आणि आपल्याकडे नसते. किंवा असते, पण निराळ्या घडणीची. अँटिबायोटिक म्हणजे प्रतिजैविक औषधांची सगळी करामत या फरकावर चालते. डॉक्टरांच्या पुस्तकांत या औषधांचे बरेच गट असतात, एकेकाचं नाव आगगाडीएवढं. आपल्याला नावं पाठ करायची नाहीत. प्रत्येक गटाने जीवाणूत आणि आपल्यात कोणता फरक हेरला, एवढंच बघू या.

सगळ्यात ठळक फरक बाहेरूनच दिसतो. आपल्या पेशीभोवती फक्त एक पातळ पटल असतं. जीवाणूला त्या पटलाच्या बाहेर आणखी एक मजबूत पेशीभित्तिका असते. ती कशासाठी, हे कळायला सायकलचं चाक आठवा. नुसत्या ट्यूबमध्ये हवा भरत गेलात तर ती फुगत जाते आणि फट्! वरून टायर आवळून धरतो, म्हणून ट्यूब टिकते. जीवाणूचं पटल म्हणजे ट्यूब आणि भित्तिका म्हणजे टायर. जीवाणूच्या आत क्षार, साखरा, प्रथिनं इतकी खच्चून भरलेली असतात की बाहेरचं पाणी सारखं आत घुसू बघतं. गळवं आणणारा स्टॅफिलोकोकस नावाचा जीवाणू आहे ना, त्याच्या आतला दाब सायकलच्या चाकातल्या दाबाच्या कितीतरी पट असतो.

ही भित्तिका साखरेच्या लांबलचक धाग्यांची असते आणि ते धागे छोट्या आडव्या साखळ्यांनी एकमेकांना बांधलेले असतात. जीवाणू वाढायला लागला, की त्याला जुनी वीण थोडी उसवावी लागते, मध्ये नवे धागे घालावे लागतात आणि पुन्हा गाठी माराव्या लागतात. गाठी मारायचं काम एक विकर, म्हणजे एन्झाइम, करतं. पेनिसिलिन नेमकं त्या विकराला जाऊन चिकटतं आणि सुटता सुटत नाही. आता उसवणं चालूच आहे, गाठी मात्र पडत नाहीत. आतून दाब आहेच. फट्!

पेनिसिलिनने जीवाणूला ना जाळलं, ना विष घातलं. तो स्वतःच्याच दाबाने फुटला. म्हणूनच जो जीवाणू वाढत नाही, नुसता स्वस्थ पडून आहे, त्याचं पेनिसिलिन फारसं काही बिघडवू शकत नाही. आणि आपलं? आपल्याला भित्तिकाच नाही, त्यामुळे तिच्या गाठी मारणारं विकरही नाही. पेनिसिलिन आपल्या पेशींवरून निमूट पुढे जातं. (काहींना पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असते आणि ती जिवावरही बेतू शकते. पण तो आपल्या रोगप्रतिकारशक्तीचा गैरसमज आहे, वेगळा विषय.)

आता तुमच्या घरात घडणारी एक गोष्ट. लहान मुलांचं अ‍ॅमॉक्सिसिलिन तुम्ही पाहिलंच असेल. ते पेनिसिलिनचंच भावंड. बाटलीत औषध नसतं, नुसती भुकटी असते. उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत ओतायचं, बाटली खदाखदा हलवायची, आणि लेबलावर लिहिलेल्या दिवसांत, बहुधा आठवड्याभरात, संपलं नाही तर उरलेलं फेकून द्यायचं. कंपनीनेच आधी पाणी घालून का नाही दिलं?

कारण या औषधाच्या पोटात एक चौकोनी कडी आहे. तीन कार्बनचे अणू आणि एक नायट्रोजनचा. कार्बनला आपले शेजारी ऐसपैस अंतरावर हवे असतात. इथे त्याला ९० अंशांच्या कोनात कोंबून बसवलंय. त्यामुळे कडी कायम ताणलेली, संधी मिळाली की तुटायला टपलेली. तुटताना ती समोर येईल त्याला धरते. जीवाणूचं विकर समोर आलं तर विकराला धरते आणि काम फत्ते. बाटलीत पाणीच समोर असलं तर पाण्याशीच हातमिळवणी करते आणि औषध हळूहळू निकामी होतं. म्हणून पाणी घातल्या दिवसापासून मोजायचं. ही कडी खरंच चौकोनी आहे, हे काही मोठे रसायनशास्त्रज्ञ मानायला तयार नव्हते. १९४५ मध्ये ऑक्सफर्डच्या डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांनी पेनिसिलिनचे स्फटिक तपासले आणि वाद मिटवला.

अलेक्झांडर फ्लेमिंगची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच : १९२८, लंडनचं सेंट मेरीज रुग्णालय, सुट्टीवरून परत आलेले फ्लेमिंग, जीवाणूंच्या बशीत पडलेली बुरशी आणि तिच्याभोवती मेलेल्या जीवाणूंचं स्वच्छ वर्तुळ. गोष्ट चांगलीच आहे, पण मला तिच्या पुढची जास्त आवडते. फ्लेमिंगना त्या बुरशीतून औषध काही वेगळं काढता आलं नाही. ते काम दहा-बारा वर्षांनी ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी केलं, तेही महायुद्ध चालू असताना. २५ मे १९४० रोजी त्यांनी आठ उंदरांना जीवघेणे जीवाणू टोचले. चौघांना पेनिसिलिन दिलं, चौघांना नाही. हीटली रात्रभर प्रयोगशाळेत बसून राहिले. पहाटेपर्यंत औषध न दिलेले चारही उंदीर मेले होते. बाकीचे चार जिवंत!

पण उंदीर केवढा आणि माणूस केवढा. माणसाला पुरेल एवढी बुरशी वाढवायला भांडी कुठून आणायची? युद्धामुळे काही मिळत नव्हतं. तेव्हा हीटलींनी सपाट, उथळ म्हणून चक्क रुग्णालयातली शौचाची भांडी वापरली! पुढे तशाच आकाराची मातीची भांडी बनवून घेतली. जर्मन सैन्य इंग्लंडात उतरलं तर सगळं नष्ट करून पळावं लागेल, म्हणून या मंडळींनी आपल्या कोटांच्या अस्तरांना बुरशीचे बीजाणू चोळून ठेवले होते. कोट वाचला की औषध वाचलं.

फेब्रुवारी १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला हे औषध टोचलं गेलं. त्याचा चेहरा जंतुसंसर्गाने सुजला होता, एक डोळाही गेला होता. दोन-चार दिवसांत ताप उतरला, तो जेवायला लागला. आणि औषध संपलं. त्याच्या लघवीतून बाहेर पडणारं पेनिसिलिन गाळून, शुद्ध करून पुन्हा त्यालाच देत होते, तरीही पुरलं नाही. मार्चमध्ये तो गेला. त्यानंतर ऑक्सफर्डच्या मंडळींनी ठरवलं की आधी लहान मुलांवर उपचार करायचे, कारण मुलांना औषध कमी लागतं. पुढे अमेरिकेतल्या पिओरिया गावच्या बाजारात एक बुरसटलेलं खरबूज सापडलं. त्यावरची बुरशी पेनिसिलिन करण्यात फ्लेमिंगच्या बुरशीपेक्षा किती तरी पटाईत निघाली आणि मग टंचाई संपली. आपल्या देशात पेनिसिलिन बनायला लागलं ते १९५५ मध्ये, पुण्याजवळच्या पिंपरीत, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात. पिंपरी पुन्हा येणार आहे गोष्टीत, लक्षात ठेवा.

भित्तिकेवर घाव घालणारी औषधं आणखीही आहेत. काही जीवाणू भित्तिकेवर आणखी एक पटल पांघरून बसतात. त्यातून जुनं पेनिसिलिन नीट शिरत नाही, अँपिसिलिन शिरतं. सेफालोस्पोरिन हा गट तर इटलीच्या सार्डिनिया बेटावर, जिथे शहराचं सांडपाणी समुद्रात पडतं तिथल्या बुरशीतून आला. जुझेप्पे ब्रोत्झू या प्राध्यापकांना १९४५ मध्ये ती सापडली. ई... म्हणू नका. आजही ऑपरेशनआधी जे अँटिबायोटिकचं इंजेक्शन देतात, ते बहुतेक वेळा याच घाण पाण्यातल्या बुरशीच्या वंशातलं असतं.

आता दुसरा फरक. त्यासाठी एक गणित सोडवा. ५० अधिक ३० किती?

८०? चूक. ७०!

आणि ६० अधिक ४०? ८०!

गणिताच्या बाईंना हे दाखवू नका. हे रायबोझोमचं गणित आहे. पेशीत प्रथिनं जिथे तयार होतात ते रायबोझोम. ते जवळजवळ प्रत्येक जिवंत पेशीत असतात, आपल्याही आणि जीवाणूच्याही. रायबोझोमचे दोन भाग असतात, एक मोठा आणि एक लहान. त्यांची मापं ठरतात ती द्रवात गरगर फिरवल्यावर ते किती वेगाने तळाशी जातात त्यावरून. हे वजन नसून वेग आहे, म्हणून साधी बेरीज जुळत नाही. जीवाणूचा मोठा भाग ५०, लहान ३०, मिळून ७०. आपला मोठा भाग ६०, लहान ४०, मिळून ८०. काम तेच, घडण निराळी. मग आणखी काय हवं? जीवाणूच्या रायबोझोममध्ये नेमकं बसेल आणि आपल्यात बसणार नाही, असं काहीतरी शोधायचं.

ते सापडलं मातीत. पहिल्या पावसात मातीचा तो वास येतो ना, श्वास भरभरून घ्यावा असा? तो बराचसा स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जीवाणूंमुळे येतो. ते मातीत बुरशीसारखे धागे पसरून राहतात, आणि शेजारपाजारच्या जीवाणूंना मारणारी रसायनं बनवतात. म्हणजे ही औषधं जीवाणूंनीच जीवाणूंविरुद्ध बनवलेली! अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात सेल्मन वॅक्समन मातीतल्या अशा जीवांचा पिच्छा पुरवत होते. १९४३ मध्ये त्यांचा विद्यार्थी अल्बर्ट शाट्झ याला तळघरातल्या प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसिन मिळालं, भरपूर शेणखत घातलेल्या शेतातल्या मातीतून आणि एका कोंबडीच्या घशातून. क्षयरोगाच्या जंतूला मारणारं ते पहिलं प्रतिजैविक. १९५२ चं नोबेल मात्र एकट्या वॅक्समन यांना मिळालं. तळघरात रात्री काढणाऱ्या पोराला काही नाही. हे मला अजूनही पटत नाही.

स्ट्रेप्टोमायसिन जीवाणूच्या रायबोझोमच्या लहान भागात जाऊन बसतं. मग रायबोझोम वाचायला चुकतो आणि भलतीच, बिनकामाची प्रथिनं बनत सुटतो. टेट्रासायक्लिन आणि त्याचं भावंड डॉक्सिसायक्लिन त्याच भागात, पण दुसऱ्या जागी बसतात आणि कच्चा मालच आत येऊ देत नाहीत. मुंबईत पुराच्या पाण्यातून चालावं लागलेल्या मोठ्या माणसांना लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा आजार, होऊ नये म्हणून डॉक्टर देतात ते हेच डॉक्सिसायक्लिन. आठ वर्षांखालच्या मुलांना शक्यतो दुसरं काहीतरी देतात. कारण टेट्रासायक्लिनचा गट कॅल्शियमला घट्ट धरतो. तुमचे दात हिरड्यांच्या आत घडत असताना औषध त्यांतच जाऊन बसलं, तर पिवळट-तपकिरी डाग जन्मभर राहू शकतात. टेट्रासायक्लिन दुधाबरोबर घेऊ नका सांगतात, त्याचंही कारण कॅल्शियम. दुधातल्या कॅल्शियमला धरून औषध पोटातूनच बाहेर जातं.

एरिथ्रोमायसिन फिलिपिन्समधल्या इलोइलो भागातल्या मातीतून आलं. अबेलार्दो अगिलार या तिथल्या डॉक्टरांनी १९४९ मध्ये ती माती अमेरिकेतल्या औषध कंपनीकडे पाठवली होती. तयार होणारं प्रथिन रायबोझोममधल्या एका बोगद्यातून बाहेर पडतं. एरिथ्रोमायसिन त्या बोगद्याच्या तोंडाशीच अडून बसतं. अ‍ॅझिथ्रोमायसिन हे त्याचंच सुधारलेलं रूप. ते शरीरात इतके दिवस रेंगाळतं, की अनेक आजारांत तीन ते पाच दिवसांच्या गोळ्या पुरतात.

ही औषधं रायबोझोममध्ये कुठे बसतात हे डोळ्यांनी दिसलं ते २००० च्या सुमारास. दाखवणाऱ्यांपैकी एक होते वेंकटरामन रामकृष्णन, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून भौतिकशास्त्र शिकलेले. २००९ मध्ये त्यांना, अ‍ॅडा योनाथ यांना आणि थॉमस स्टाइट्झ यांना मिळून नोबेल मिळालं.

पण थांबा, इथे एक घोटाळा आहे. तुमच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तंतुकणिका असतात, ऊर्जा तयार करणाऱ्या. फार फार पूर्वी, दीडशे-दोनशे कोटी वर्षांपूर्वी, त्यांचे पूर्वज स्वतंत्र जीवाणू होते! एका मोठ्या पेशीच्या आत शिरले आणि तिथेच नांदले. तंतुकणिकांचे स्वतःचे रायबोझोम आजही जीवाणूंच्या वळणाचेच आहेत. म्हणजे आपल्या आतच थोडा जीवाणू उरलाय आणि फरक तिथे पुसट होतो. स्ट्रेप्टोमायसिन जास्त दिवस घेतलं तर काहींचे कान अधू होतात. काही घराण्यांत तंतुकणिकांचे रायबोझोम जन्मतःच जीवाणूंच्या रायबोझोमशी थोडे अधिकच जुळतात, आणि त्या लोकांचे कान थोड्याशा औषधानेही जाऊ शकतात. औषध तेच, आजार तोच, तरी एकाला चालतं आणि दुसऱ्याला नाही, याचं एक कारण हे असं दोनशे कोटी वर्षं जुनं असू शकतं.

तिसरा फरक तर आपल्या ताटात आहे. फॉलिक अ‍ॅसिड सगळ्या पेशींना लागतं, त्याशिवाय नवा डीएनए बनत नाही. आपल्याला ते घरी, म्हणजे पेशीत, बनवता येत नाही. मेथी, पालक, डाळी खाऊनच मिळवावं लागतं. (अन्नातल्या याच घटकाचा माग लूसी विल्स या इंग्लिश डॉक्टरला १९३० च्या आसपास मुंबईत लागला. गरोदर बायकांना होणाऱ्या पंडुरोगाचा ती अभ्यास करत होती.) पुष्कळशा रोगजंतूंचं उलट आहे. त्यांना आयतं फॉलिक अ‍ॅसिड आत घेता येत नाही, स्वतःच बनवावं लागतं. सल्फा औषधं दिसायला ते बनवायला लागणाऱ्या कच्च्या मालासारखी असतात. जीवाणूचं विकर फसतं, त्यांनाच धरून बसतं, आणि सगळं काम ठप्प. आपण मात्र भाजी खाऊन मोकळे! जीवाणू जे काम करू शकतो ते आपल्याला येत नाही, आणि त्या न येण्यानेच आपण वाचतो.

सल्फा औषधं पेनिसिलिनच्याही आधी बाजारात आली. ती कुठल्या जिवाने बनवलेली नाहीत, ती माणसाने बनवली. जर्मनीत गेरहार्ट डोमाक रंगांच्या कारखान्यातली रसायनं तपासत होते. त्यांतला प्रोंटोसिल नावाचा लालभडक रंग उंदरांना वाचवायचा. गंमत म्हणजे काचेच्या नळीत जीवाणूंवर टाकला तर काहीच व्हायचं नाही! पुढे पॅरिसच्या शास्त्रज्ञांनी उलगडा केला : शरीर त्या रंगाचे दोन तुकडे करतं आणि त्यांतला बिनरंगाचा तुकडा हे खरं औषध. डोमाक यांच्या सहा वर्षांच्या मुलीच्या, हिल्डेगार्डच्या, हातात सुई घुसून जखम चिघळली. हात कापायची वेळ आली. बापाने तिला आपलं औषध दिलं आणि हात वाचला. डोमाक यांना १९३९ चं नोबेल जाहीर झालं, पण हिटलरच्या सरकारने ते घेऊ दिलं नाही. पदक मिळालं १९४७ मध्ये.

आणखी दोन गट धावत धावत. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी औषधं जीवाणूच्या डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या विकराला अडवतात. आपलं तसलं विकर वेगळ्या घडणीचं आहे. क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन डीएनएवरून नक्कल उतरवणं थांबवतं. ते घेतलं की लघवी नारिंगी होते, कधी डोळ्यांतलं पाणीसुद्धा! पाहून घाबरायचं नसतं. तो औषधाचाच रंग.

आता तुम्हीच सांगा, सर्दीवर अँटिबायोटिक का चालत नाही? सर्दी विषाणूंमुळे होते. विषाणूला पेशीभित्तिका नाही, रायबोझोम नाही, फॉलिक अ‍ॅसिडची गरज नाही. तो आपल्याच पेशीत घुसून आपल्याच सामानावर काम भागवतो. या औषधांना घाव घालायला त्याच्याकडे वेगळं असं काही उरतच नाही. फ्लू, डेंगी, कांजिण्या, सगळ्यांचं तेच.

बुरशीचं दुखणं वेगळं. नायटा आणणारी बुरशी तिच्या पेशीच्या घडणीत आपल्या फार जवळची आहे. फरक शोधायचा कुठे? एक सापडला : आपल्या पेशीच्या पटलात कोलेस्टेरॉल असतं, बुरशीच्या पटलात अर्गोस्टेरॉल. बुरशीच्या पटलाला भोकं पाडणारं हॅमायसिन हे औषध १९६० च्या सुमारास पिंपरीच्या त्याच कारखान्यात एम. जे. तिरुमलाचार यांनी शोधलं. तेही मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसमधून आलं, आणि त्या जीवाणूला गावावरून नाव मिळालं, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना.

औषधाला डोळे नाहीत, हे मघाशी म्हटलंच आहे. त्यामुळे ते वाईट जीवाणू आणि चांगला जीवाणू असाही भेद करत नाही. आतड्यातल्या उपयोगी जीवाणूंनाही तीच भित्तिका, तेच रायबोझोम. म्हणून गोळ्या चालू असताना कधी कधी पोट बिघडतं. गाईला अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं असेल तर पुढचे काही दिवस तिच्या दुधाचं दहीही धड लागत नाही. विरजणातले जीवाणू दुधात उतरलेल्या औषधाने गारद होतात.

आणि शेवटी जंतूंची बाजू. ते काय गप्प बसणार? आतड्यातला ई. कोलाय जीवाणू पोषक जागी २० मिनिटांत एकाचे दोन होतो. हिशेब करा : दहा तासांत एकाचे १०७ कोटींहून जास्त. एवढ्या नकला उतरवताना कुठेतरी चूक होणारच, आणि एखाद्या चुकीने औषध लागू न पडणारा जीवाणू जन्माला येणारच. एखादा ती चौकोनी कडी तोडणारं विकर बनवतो. एखादा आत आलेलं औषध पंपाने बाहेर फेकतो. एखादा आपल्या रायबोझोमचा आकारच जरा बदलतो. वर ही विद्या डीएनएच्या छोट्या कड्यांवरून शेजाऱ्यालाही देऊन टाकतो, मग तो शेजारी दुसऱ्या जातीचा का असेना. माणसाने यावरही तोड काढली. अ‍ॅमॉक्सिसिलिनबरोबर क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड मिसळतात. जीवाणूचं कडीतोड्या विकर त्याच्याशी झटापट करण्यात अडकतं आणि तेवढ्यात अ‍ॅमॉक्सिसिलिन आपलं काम उरकतं.

क्षयरोगात हे सगळ्यात नीट समजतं. समजा, दहा लाख जंतूंमागे एक जण एका औषधाला पुरून उरतो. फुप्फुसात जंतू कोटींनी असतात, म्हणजे एकाच औषधाने असे बरेच उरणार आणि तेच वाढत जाणार. स्ट्रेप्टोमायसिन एकटं देत होते तेव्हा हेच झालं. रुग्ण आधी सुधारले आणि मग बरेच जण पुन्हा कोसळले. पण दोन औषधांना एकाच वेळी पुरून उरणारा जंतू हवा असेल तर दहा लाख गुणिले दहा लाख जंतूंमागे एक. म्हणून क्षयरोग्याला सुरुवातीला चार औषधं एकत्र देतात. शिवाय हा जंतू फार सावकाश वाढतो आणि बराच काळ नुसता पडून राहतो, त्यामुळे नेहमीचा उपचार सहा महिने चालतो. दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढलं, म्हणून गोळ्या सोडणाऱ्याच्या छातीत उरलेले जंतू कोणते असतात? सगळ्यात चिवट.

फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल घेतानाच्या भाषणात हा धोका सांगून ठेवला होता : पेनिसिलिन दुकानात कुणालाही मिळायला लागेल, अडाणी माणूस ते अपुरं घेईल आणि जंतूंना पेनिसिलिन पचवायला शिकवेल. ज्याने औषध शोधलं त्यानेच हे पहिल्या दिवसांत सांगितलं, आणि आपण ऐकलं नाही.

आता एक काम करा. घरातल्या मोठ्यांना सांगून औषधांचा डबा उघडा आणि गोळ्यांच्या पट्ट्या बघा. अँटिबायोटिकच्या पट्टीवर एक उभी लाल रेघ असते, आणखी काही औषधांवरही असते. २०१६ मध्ये केंद्र सरकारने या रेघेबद्दल मोहीमच काढली होती. लाल रेघेची गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, सांगितले तितके दिवस घ्यायची, मागच्या वेळची उरलेली खायची नाही आणि मित्राला द्यायची नाही. डब्यात कुणाची अर्धवट पट्टी सापडली, तर ती अर्धवट का राहिली, हे विचारा. विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तिच्यातून वाचलेला जंतू तुमच्याही घशात येऊ शकतो.